टिकलीची गोष्ट कोणी सांगितली?

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या बौद्ध घरात नवस, उतारा, अंगारा यातलं काही कधी शिरलं नाही. कोणी काही अचाट सांगायला लागलं की माझे वडील शांतपणे विचारायचे, "सोताच्या डोयानं पाह्यलं का?" या सदरातले अनुभव वाचताना मीही मनात तेच म्हणायचे. आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे... आणि पाहिलं म्हणावं तर तेव्हा मी झोपले होते.

आम्ही वडनेरला राहतो. धाकटी ओवी सहा वर्षांची, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानामागे मशीन लावलं की तिला ऐकू येतं. काढलं की शेजारी ढोल बडवा, पापणीसुद्धा हलत नाही. दर शनिवारी स्पीच थेरपीसाठी नागपूर. जायला दोन तास, यायला दोन तास, मागच्या सीटवर ओवी आणि थोरली, नऊ वर्षांची सांची.

गाडीत पोरींना रमवणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. मोबाइल दिला की ओवीला उलटी होते. ट्रक मोजायचे म्हटलं तर सांचीला बुटीबोरी यायच्या आत कंटाळा येतो. मोज्याचं माकड करून झालं, दोऱ्याचे खेळ झाले, खिडकीतल्या ढगांना नावं देऊन झाली. त्यात थेरपीच्या मॅडमचं सांगणं — ओवीशी सतत बोलत राहा, एक मिनिट वाया घालवू नका. म्हणून सकाळी उठल्यापासून माझी कॉमेंट्री सुरू असते. ही कोथिंबीर, आई कोथिंबीर निवडते, बघ किती माती. गाडीतही तेच, पुढच्या सीटवर मागे वळून, मान वाकडी करून. बोलून बोलून माणसाचा जबडा दुखतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. नवरा गाडी चालवतो, त्यामुळे त्याला सूट.

त्या शनिवारी परत येताना आम्ही जामला चहा घेतला. मार्चचं ऊन, दुपारचे तीन वाजलेले. ओवीने सीटला डोकं टेकवलं की मशीनचा चुंबकाचा गोल भाग निघून पडायचा. चार वेळा मी मागे वळून तो बसवला. पाचव्या वेळी मशीनच काढून घेतलं, डब्यात घातलं, डबा पर्समध्ये, पर्स मांडीवर. खरं सांगते, मला बरं वाटलं. घर येईपर्यंत आता बोलायचं नव्हतं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि लाज वाटता वाटताच डोळा लागला.

जाग आली तेव्हा वडनेर आलं होतं. मागे चिडीचूप. सांची वहीत काहीतरी काढत होती आणि ओवी एकटीच हसत होती. घरी आल्यावर मशीन लावलं तशी ती बोलायला लागली. तेव्हा ती दोन-दोन शब्दांतच बोलायची.

"टिकली बकरी. शाळेत आली. हजेरी खाल्ली. आई पळाली."

मी ओट्याशी होते, गॅस बंद करून तिच्याजवळ गेले.

टिकली माझ्या माहेरची, सेलूची बकरी. दुसरीत असताना मी तिला लपवून शाळेत नेलं होतं आणि तिने गुरुजींचा हजेरीपट खाऊन टाकला. मी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि तिच्याबरोबर मीही पळाले. बकरी कोणाची होती ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मार बसेल म्हणून मी घरी सांगितलं नाही, आणि मोठेपणी सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. नवऱ्यालाही नाही. 'हजेरी' हा शब्द तर ओवीला अजून शिकवलाच नव्हता.

कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "आई. गाडीत."

सांचीला विचारलं. "तू तं घोरून राह्यली होती, आई," ती म्हणाली. नवऱ्याचंही तेच. त्याने तर माझी झोप मोडू नये म्हणून रेडिओसुद्धा बंद केला होता. मी झोपेत पुटपुटले असेन असं क्षणभर धरलं, तरी मशीन डब्यात होतं आणि माझं तोंड पुढे होतं.

यानंतर मी काय केलं असेल ते कोणतीही आई ओळखेल. आठवडाभर, मशीन काढलं की मी ओवीच्या मागे जाऊन ताट वाजवत होते. टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. ती खडूने रंगवत बसायची. एकदाही वळली नाही. शेवटी नवऱ्याने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "काऊन जीवाले तरास करून घेतं?" म्हणाला. आशा त्यालाही होती, मला माहीत आहे.

पुढच्या शनिवारी तपासणी करून घेतली. मशीनशिवाय काहीही ऐकू येत नाही, पहिल्यासारखंच. मुलं कल्पना करतात, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या बकरीचं नाव कल्पनेत कसं येईल, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. त्या दिवशी येताना मी गाडीत रडले. आणि रडतानाही मागे वळून ओवीला सांगत होते — हा ट्रक. ट्रकमध्ये कापूस.

त्याला आता वर्ष होत आलं. पुन्हा तसं कधी झालं नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, याचा उलगडा मला होत नाही. आणि खोटं कशाला बोलू, हल्ली मी तो करायचा प्रयत्नही सोडला आहे.

परवा तिची वेणी घालताना सहज विचारलं, त्या दिवशी गाडीतला आवाज कसा होता गं? आता ती पूर्ण वाक्यं बोलते.

"तुझाच होता," ओवी म्हणाली. "पण ती आई थकलेली नव्हती."