कानामागचा ट्रे

डॉक्टरांनी माझ्या कानामागे स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला. मी खुर्चीतून उडाले. समोरची शिकाऊ डॉक्टर पोरं हसली. पुन्हा आपटला. पुन्हा उडाले.

"बघा," डॉक्टर त्यांना म्हणाले, "दुसऱ्यांदा आपण एवढे दचकत नाही. हिला सवयच होत नाही." मग माझ्याकडे वळून कन्नडमध्ये, "एनम्मा, भय आयता?" भ्यालीस का म्हणे.

आणि मी काय केलं? त्यांच्याबरोबर हसले. निघताना पदर सावरून "थँक्यू सर" म्हणाले. दोन पोरांची आई, आणि अशी शहाणी.

मला स्किझोफ्रेनिया आहे. त्याआधी खोलीत कुणी नसताना माणसं मला शिव्या द्यायची. गोळ्यांनी ती माणसं गेली. खोटं कशाला बोलू, त्या गोळ्यांनी मला माझ्या घरात परत आणलं. पण गोंगाट गेला नाही. विजयनगरच्या आमच्या घरात पंखा, शेजारचा कुकर, रस्त्यावरची रिक्षा आणि आमचे हे, सगळे एकाच पट्टीत बोलायचे. तुमचे कान नको ते गाळून टाकतात. माझे काहीच गाळत नाहीत. हे चिडायचे, "आत्ता सांगितलं ना तुला?" सांगितलं असेल. पंख्यानंही बरंच सांगितलं होतं.

डॉक्टरांपुढे मी हे सांगायला तोंड उघडलं, की ते ह्यांना विचारायचे, "आवाज येतात का हिला?"

"नाही सर. पण लक्ष नसतं."

"गोळी वाढवू."

वाढली. हात थरथरायला लागले. लाळ गळायची. वेणी घालता येईना. गोंगाट जिथल्या तिथे. आणि मी बावळट, मान हलवतेय.

पुढच्या खेपेला पोरं नवी, ट्रे तोच. डॉक्टरांचा हात पोचायच्या आत मी तो उचलला, खुर्चीवर ठेवला आणि वर बसले.

"अम्मा, ट्रे कोडी."

"नाही देणार. आधी ऐका."

हे कुजबुजले, "अगं, सुम्ने, गप बस ना."

"बसलेच आहे की."

एक पोरगी फिसकन हसली. या वेळी माझ्यावर नाही.

थंडगार स्टीलवर बसून सगळं सांगितलं. आवाज गेले, गोंगाट राहिला. गोळी वाढली, हात गेले, गोंगाट राहिलाच. "यावर औषध आहे का तुमच्याकडे?"

डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "त्यावर नेमकं औषध नाही."

"मग माझे हात कशासाठी घेतलेत?"

त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. गोळी कमी केली. महिन्याभरात वेणी जमली, वाकडीतिकडी.

हे आता नाहीत. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, कान तेच आहेत. परवा नव्या डॉक्टरनं माझ्या मुलाला विचारलं, "आजी कशा आहेत?"

"आजी इथे बसलीय," मी म्हटलं. "तिला विचार."

गोळी मी घेते, मरेपर्यंत घेईन. ती काय करते आणि काय करत नाही, हे मात्र मीच सांगणार. मुलगा नाही, सून नाही, डॉक्टर नाही. ट्रेवर बसले त्या दिवशीच तो मी पदराखाली घालून घरी आणला. अजून आहे. मला वगळून कुणी माझ्याबद्दल बोलायला लागलं, तर तो मलाही आपटता येतो.