डाव्या खांद्याची बंदूक

उमरग्यात हायवेला लागून अमरनाथचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी तो उघडतो, तांब्याची तार नव्यानं भरतो आणि गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलतो. असल्या माणसाला हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायचा नाद लागावा, याचं गावाला नवल वाटायचं. मला नाही वाटलं. दिवसभर लोकांच्या जळक्या मोटारी उरावर घेऊन बसणाऱ्याला काहीतरी फोडावंसं वाटणारच.

सुट्टीच्या दिवशी तो हैदराबादेला नेमबाजीच्या मैदानावर जायचा. माझं टायरचं दुकान त्याच्या शेजारीच, त्यामुळे अधूनमधून मीही सोबत असायचो.

अडचण एकच, तो डावरा. लहानपणी जेवताना डावा हात पुढे आला की त्याचे वडील माणिकप्पा चापट द्यायचे. मारकुटे नव्हते, पोराला लोकांनी हसू नये, एवढाच हेतू. हात वळला, अमरनाथ उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला शिकला. डोळा मात्र वळला नाही. नेम डाव्या डोळ्यानंच लागायचा, म्हणून बंदूकही डाव्या खांद्यालाच.

आणि बंदुका सगळ्या उजव्यांच्या. छऱ्याच्या बंदुकीला मागं नेम धरायची खाच नसते. लाकडी दस्त्यावर गाल टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत यावा लागतो. त्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे बाक देऊन घडवतात. डावऱ्यानं तीच बंदूक लावली की नजर नळीच्या बाजूला पडते. अमरनाथच्या गालाचं हाड सुजायचं आणि तबकडी साबूत खाली यायची. मैदानावरचे लोक "उजव्या खांद्यानं मार की" म्हणायचे. फुकटचे सल्ले देणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

कित्येक वर्षं तो जुन्या बंदुका बघत हिंडला. शेवटी हैदराबादच्या एका दुकानात म्हाताऱ्या कारागिरानं अडगळीतून एक दुनळी काढली. कुणा डावऱ्या शौकिनानं मुद्दाम घडवून घेतलेली, दस्ता डावीकडे वळलेला. अमरनाथनं डोळे मिटून ती खांद्याला लावली, मग डोळे उघडले आणि म्हणाला, "बसली." परवान्याचे सोपस्कार उरकून बंदूक घरी आली आणि मैदानावर तबकड्यांचा भुगा व्हायला लागला. राज्याच्या संघात या वेळी याचं नाव येणार, असं जाणकारही म्हणू लागले. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

निवड दसऱ्यानंतर होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पुजायची रीत. अमरनाथला एका कामासाठी दोन दिवस भूमला जायचं होतं, म्हणून त्यानं बंदूक माणिकप्पांकडे दिली. शेतराखणीचा परवाना त्यांच्याही नावावर होता, बंदूक त्यांना नवी नव्हती. पुसता पुसता त्यांना दस्ता वाकडा दिसला. ओल लागून लाकूड फिरलंय, असं त्यांनी धरलं. रानातला माणूस; वाकडी काठी तेल पाजून, शेकून सरळ करणं त्यांच्या हातचा मळ. करडईच्या कढत तेलात चिंध्या भिजवून त्यांनी दस्त्याला गुंडाळल्या, वर दगडाचं वजन दिलं. मधूनमधून बंदूक आपल्या उजव्या खांद्याला लावून बघायची आणि पुन्हा वजन द्यायचं. मनासारखी बसेपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही.

खंडेनवमीला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा बंदूक विभूती लावून पाटावर ठेवली होती. अमरनाथ भूमहून परतला होता, माणिकप्पा खुशीत होते.

"लई वाकडी व्हती रे," ते लेकाला म्हणाले. "सणाला घरात असलं हत्यार ठिवू न्हाय. आता बघ कशी बसती ती."

अमरनाथनं ती डाव्या खांद्याला लावली. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"बसली का?"

"व्हय अप्पा. लई चांगली केली तुमी."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर तोंड सोडलं. "सांग की म्हाताऱ्याला! काय केलंय ते कळू दे त्यांना!"

"काय सांगू?" तो म्हणाला. "दोन दिस जेवायचं भान न्हवतं त्यास्नी. माझ्यासाठीच केलंय."

कारागिरानं दस्ता पुन्हा वळवायला नकार दिला. एकदा तापवलेलं जुनं लाकूड तडकेल म्हणाला. नवा दस्ता बसवायचा, तर अप्पांच्या हातचं काढून टाकायचं. अमरनाथला ते जमेना. निवडीला तो तीच बंदूक घेऊन उभा राहिला. तबकड्या एकामागून एक साबूत पडत गेल्या, मला मागं उभं राहून बघवेना. त्यानंतर तो पुन्हा कधी मैदानावर गेला नाही. बंदूक त्यानं रीतसर वडिलांच्या नावावर करून दिली.

आता माणिकप्पा तिचा बार काढून तुरीतली रानडुकरं हुसकतात. बांधावर कुणी भेटलं की खांद्याला लावून दाखवतात.

"जरा वाकडी व्हती, म्या सरळ केली," ते सांगतात. "पर पोराला बापाचं माप बरूबर ठावं बघा. हैदराबादेत हुडकून माझ्यासाठीच आणली व्हती म्हनला."