एक घंटी, उचलायचं नाही

त्या सकाळी सतबीरजींचा फोन आला. पानिपतच्या बाहेर दादाच्या खोलीला लागून त्यांचं शेत. "दीदी, आप आ जाओ," एवढंच म्हणाले... आणि मला आदल्या संध्याकाळची घंटी आठवली. दीड महिना झाला, ती कानांतून जात नाही.

दादा माझा थोरला भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झाला, वहिनी गेल्या, आणि गुरुग्रामला माझ्याकडे चौदाव्या मजल्यावर सुखाने राहायचं सोडून या बाबाने शेताच्या तुकड्यावर एक खोली बांधली. विजेचा खांब लांब, म्हणून छपरावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी, सगळं स्वतःच्या हाताने. मी विजेला जाम भिते. तारा जोडण्याआधी त्याने पॅनेलवर पानिपतचं जाड ब्लँकेट पसरलं. "याला बटण नसतं गं. ऊन आहे तोवर हा जिवंत. हात लावायचा तर आधी डोक्यावरून पांघरूण."

"असलं अभद्र बोलू नकोस!" मी ओरडले, तर हा हसतोय. "इथे आपली रसद तुटली म्हणून घात झाला. माझी रसद वरून येते, यार. ती कोण तोडणार?"

धुक्याने तोडली. पहिल्याच जानेवारीत चार दिवस सूर्य दिसला नाही, बॅटरी उतरली, फोन बंद. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तशा धुक्यात गाडी काढून गेले, तर स्वारी तेच ब्लँकेट पांघरून चहा पीत बसलेली! मी रडले, कडकडून भांडले. मग नियम ठरला. रोज दिवेलागणीला त्याने एक घंटी द्यायची आणि कापायची. एक घंटी म्हणजे 'आहे'. "उचलायचं नाही हं," त्याने बजावलं, "उचललंस की तू तासभर बोलणार आणि माझी बॅटरी खाणार." पुढे मोठी बॅटरी आली, बोलायला हरकत नव्हती, पण नियम तो नियम. मी मुलखाची भित्री. घंटी वाजेपर्यंत कुकरसुद्धा लावत नसे.

त्या संध्याकाळी घंटी झाली. एक... मग दुसरी, तिसरी. मी कणीक मळत होते. "अगं बाई, कापायला विसरला वाटतं," मी मोठ्याने म्हणाले, आणि निर्धास्तपणे कुकर लावला. घंटी वाजत राहिली आणि आपणहून थांबली.

फोन त्याच्या हातात सापडला. डॉक्टर म्हणतात, हृदयविकाराचा झटका मोठा होता, तुम्ही उचलला असतात तरी... असेलही. मला पटत नाही. मला रोज वाटतं, तो तिकडून काही म्हणणार होता आणि इकडे माझी कुकरची शिटी होत होती.

परवा सामान काढायला गेले. त्याचा फोन सतबीरजींनी चार्जिंगला लावून ठेवला होता, पूर्ण भरलेला. "पहले पैनल ढक दो, दीदी, फिर तार खोलता हूँ," म्हणत त्यांनी ते ब्लँकेट माझ्या हातात दिलं. दादाच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता त्याला. शिडीच्या दोन पायऱ्या चढले. वर पॅनेलवर लख्ख ऊन होतं... तशीच उतरले.

"राहू द्या तारा," मी म्हटलं.

आता दिवेलागणीला मीच त्याला एक घंटी देते आणि कापते. तिकडे रिकाम्या खोलीत फोन वाजतो. मग कुकर लावते. पण जानेवारी येईल, धुकं पडेल, आणि एका संध्याकाळी पलीकडून 'स्विच ऑफ' ऐकू येईल. त्या संध्याकाळची मला आत्तापासून धास्ती वाटते.