आमसुलाचा ओघळ

घासून घासून समई एका बाजूने लख्ख झाली होती, दुसरीकडून काळीच होती. मालिनीताई ती फिरवून घ्यायला गेल्या आणि त्यांचा आमसुलाने बरबटलेला हात भिंतीवरच्या चित्राला लागला.

देवघराशेजारचं ते तैलचित्र अडतीस वर्षांचं. नवं लग्न झालेल्या मालिनीताई आणि दत्तात्रेय. थोरल्या नणंदेने, संध्यावन्संनी, मुंबईला चित्रकला शिकताना काढलेलं. दत्तात्रेयांचा चेहरा फळीसारखा चौकोनी, निळा. मालिनीताईंचा हिरवागार, एक डोळा समोर, एक नवऱ्याकडे. "सून काढलीस की कैरी?" असं सासूबाईंनी विचारलं होतं, आणि चित्र बाहेरच्या खोलीतून आत आलं होतं. वन्संना आपण आवडलो नाही, म्हणून असं काढलं, हे मालिनीताईंच्या मनात बसलं. त्यांनी चित्राकडे कधी धड बघितलंच नाही.

आता हिरव्या गालावरून लाल ओघळ उतरत होता, आणि चारच्या गाडीने वन्सं गुहागरहून प्रदर्शनासाठी चित्र न्यायला येणार होत्या.

त्यांनी पदराने टिपलं. पदर लाल. रंगच निघाला की काय? रामरक्षा पुटपुटत त्यांनी पदराचं टोक जिभेला लावलं. आंबट. आमसूलच, देवा. पण समईची काजळी निघालेल्या जागी, कानाच्या पाळीवर, लाल डाग राहिलाच. चष्मा लावून, नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. जाईना.

वन्संनी चपला काढायच्या आत मालिनीताईंनी सगळं सांगून टाकलं.

वन्सं चित्र खिडकीशी घेऊन गेल्या. "अगं, हा लाल माझाच. दत्तू तुझ्याकडे बघायचा नि तुझा कान पेटायचा. दिसला तसा लावला. तुझ्या समईने झाकून टाकलान."

"मग बाकीची हिरवी का हो केलीत?"

"मागीलदारी केळीखाली बसवलं होतं ना तुम्हाला? उजेडच हिरवा पडत होता तुझ्यावर."

"मला वाटायचं, मी आवडले नव्हते तुम्हाला."

"अडतीस वर्षं? विचारायचंस तरी, वेडे."

झोपाळ्यावरून दत्तात्रेय म्हणाले, "आणि मी निळा का?"

"तू हलत होतास. सारखा उजेडातून सावलीत."

मालिनीताईंना हसू आवरेना. डोळे पुसायला पदर उचलला, तो आमसुलाचा. मग हातानेच पुसले.

चित्र गुंडाळायला जुनी चादर सापडली, पण बांधायला घरात काही नव्हतं. अर्धी काळी समई तशीच ठेवून, हात धुऊन, मालिनीताई कोपऱ्यावरच्या दुकानात सुतळीचा गुंडा आणायला निघाल्या.