यल्ला, याकुतिया

सैबेरियाला निघालोय म्हटल्यावर माहूज भागातल्या आमच्या इमारतीतून सात मफलर आणि एक कानटोपी गोळा झाली. बहारीनमध्ये या वस्तू लोकांनी कशासाठी जपल्या होत्या, देव जाणे. मी शीतगृहांचा इंजिनीअर. दिल्लीहून सोव्हिएत संघात निघणाऱ्या एका अभ्यासदौऱ्यात जागा मिळाली आणि मॉस्कोमार्गे याकुतियाच्या राजधानीत, याकुत्स्कला उतरलो. जून महिना, तीस अंश ऊन, चिमणीएवढे डास. एक मफलर तोंडाला गुंडाळायच्या कामी आला.

इथली जमीन मात्र थोडं खणलं की बारमाही गोठलेली. घराच्या उबेने ती वितळते आणि घर खचतं, म्हणून इमारती खांबांवर उभ्या. आम्ही बहारीनमध्ये गारवा विकत घेतो. यांना तो पायाखालून जाऊ देऊन चालत नाही.

दुसऱ्या दिवशी बसने एका आदर्श सामूहिक शेतावर नेलं. तिथल्या अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं. त्यांच्या मते क्रांतीपूर्वी इथे अंधार होता. आमची दुभाषी तुयारा त्याच गावची, साखा (याकूत) मुलगी. तिने हळूच भर घातली, की त्या अंधारात तिचे पूर्वज दक्षिणेकडून घोडे घेऊन आले आणि या थंडीत टिकले; झारचे कॉसॅक सैनिक नंतर आले, ते कातड्यांचा कर वसूल करायला. भाषणात हे नव्हतं. कुमिस (घोडीचं आंबवलेलं दूध) मात्र होतं. ताकात सोडा ओतल्यासारखं लागलं. मी दोनदा मागून घेतलं.

जेवणानंतर तुयारा मला तिच्या ‘एहे’कडे घेऊन गेली. एहे म्हणजे आजोबा. अस्वलालाही हाच शब्द आहे, आणि म्हातारबुवांना पाहिल्यावर मी कारण विचारलं नाही. आजी गेल्यापासून तीन वर्षं त्यांनी गाणं बंद केलं होतं. तुयारा सप्टेंबरमध्ये शिकायला लेनिनग्राडला जाणार होती, आणि तिला त्यांचा आवाज सोबत हवा होता. त्यासाठीच तिने मला माझा टेपरेकॉर्डर सोबत घ्यायला सांगितलं होतं. आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“याला गाणं कळतं का?” यंत्राकडे बोट दाखवून एवढंच त्यांनी विचारलं.

 बाहेर बसचा हॉर्न वाजला. बहारीनमध्ये दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी एकच शब्द निघतो.

“यल्ला, तुयारा,” मी म्हणालो. म्हणजे अरबीत, चल आता.

आजोबांनी झटकन वर पाहिलं. तुयारा माझ्याकडे बघतच राहिली. साखा भाषेत जवळपास याच उच्चाराचा एक शब्द आहे, असं तिने मला पुटपुटत सांगितलं. त्याचा अर्थ, गा.

“पाहुणा सांगतोय,” आजोबा तिला म्हणाले. “गा मग.”

तिने घसा खाकरून सुरुवात केली. मला तर ते छान वाटलं. तिसऱ्या ओळीला आजोबांनी हात वर केला, “असं नव्हे” म्हणाले, आणि ती ओळ स्वतः गायले. घशाच्या तळातून फुटत येणारा तो आवाज ऐकून मी टेपच्या बटणाकडे हात नेला. तुयाराने मानेनेच नको म्हटलं आणि तीच ओळ पुन्हा धरली.

बस तिला न घेताच निघाली. संध्याकाळच्या मेजवानीतली भाषणं दुभाष्याविना झाली. कुणाचंही काही अडलं नाही.

बहारीनला परतल्यावर लोक थंडीबद्दल विचारत, मी डासांबद्दल सांगे. साताठ महिन्यांनी तुयाराचं पत्र आलं. वसतिगृहात ती रोज गाते आणि शेजारणी भिंत ठोकतात. नऊ ओळी बरोबर येतात. दहावीला आजोबा शेवटपर्यंत “असं नव्हे”च म्हणत राहिले. ती बरोबर कशी, हे सांगणारं आता कुणी नाही, म्हणून ती चुकीचीच गाते.

त्या दिवशी मी बटण दाबायला हवं होतं का, असं मी स्वतःला अधूनमधून विचारतो. तिने विचारलेलं नाही.