झाडाखाली एकही शाळा नाही

आमची शाळा तालमीत भरायची. मल्ल जोर मारायला आले की गुरुजी शाळा सोडून द्यायचे. वडील फौजेत गेले ते परत आले नाहीत. आई माधवनगरच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायची आणि मी शिराळ्याकडे चुलत्यांच्या घरी. त्यांची खाकी चड्डी सुतळीने बांधून शिकलो आणि घराण्यातला पहिला बी. ए. झालो. दया यावी म्हणून हे सांगत नाही. हक्काचं छप्पर नसलेली शाळा म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागत नव्हतं, एवढंच.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होतो, म्हणजे गावोगावच्या शाळा तपासत फिरणारा माणूस. एके सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कवठे महांकाळ तालुक्यातली ती शाळा अजून लिंबाखालीच भरते?"

"हो साहेब. मी दरवर्षी रिपोर्ट देतोय."

"रिपोर्ट राहू द्या. विधानसभेत निरंक उत्तर गेलंय."

निरंक म्हणजे एकही नाही. झालं होतं असं. पावसाळी अधिवेशनात शाळांच्या अनुदानावर चर्चा चालली होती. विरोधी बाकावरच्या एका आमदारांनी तारांकित प्रश्न टाकला. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचा प्रश्न. या जिल्ह्यात झाडाखाली किती शाळा भरतात? उत्तर मंत्री वाचतात, पण ते येतं खालच्या ऑफिसातून. मुंबईहून तार आली तेव्हा साहेबांनी फाइल न उघडताच निरंक कळवलं. मंत्री म्हणाले, झाडाखाली एकही शाळा नाही, सबब खोल्यांसाठी जादा अनुदानाची गरज नाही. बाकं वाजली. त्या गावाला मिळणाऱ्या दोन खोल्या तिथेच गेल्या.

पण आमदार चिवट निघाले. स्वतःच्या डोळ्यांनी बघतो म्हणाले, आणि ऑक्टोबरात आमदारांच्या समितीचा दौरा ठरला.

"समिती यायच्या आत शाळा झाडाखालून काढा," साहेब म्हणाले.

"कुठे नेऊ? गावात देवळाचा गाभारा सोडला तर रिकामं छप्पर नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग झाड काढा."

मला वाटलं चेष्टा करतायत. साहेब एम. ए. होते, पण चेष्टा त्यांना येत नसे.

"लेखी ऑर्डर द्या, साहेब."

"चार बुकं शिकलात की हीच खोड लागते तुम्हा लोकांना."

"लागते. त्यासाठीच शिकलो."

ऑर्डर लेखी मिळाली नाही. रविवारी तिथले गुरुजी आपल्या गावाला गेलेले बघून साहेबांनी परस्पर कुऱ्हाडीवाले पाठवले. दुष्काळात तगलेलं झाड आमच्या ऑफिसापुढे तगलं नाही.

सोमवारी मी गावात गेलो. सरपंच पलटणीतून हवालदार होऊन आलेले. लोक त्यांना आण्णा म्हणत. ते बुंध्यापाशी बिडी ओढत बसले होते.

"या सायेब. लय हुशार हाय तुमचं हापिस. आता खोल्या बी न्हाईत आनि सावली बी न्हाई."

"आण्णा, शाळा कुठे भरवणार?"

"हितंच. सकाळच्या पारी भरवून उनाच्या आत सोडू. पोस्ट सोडायची न्हाई, पलटणीत शिकवलंय."

"समितीच्या दिवशी तेवढी दुपारी भरवा. पोरांच्या डोक्याला पटके बांधा."

आण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. "व्हय. बांधतो."

दौऱ्याचा कार्यक्रम आखायचं काम माझं होतं. साहेबांना शाळा सकाळी गारव्यात उरकायची होती. मी आधी साखर कारखाना टाकला. म्हटलं, "साहेब, कारखान्याचा नाश्ता झाल्यावर कोण गाडीतून उतरतंय?" साहेबांना पटलं. कारखान्यातून आमदार वेळेवर निघाल्याचं मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. गाड्या गावात पोचल्या तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं.

नाश्त्याने जड झालेले बाकीचे गाडीतच बसले. चिवट आमदार मात्र उतरले. मग बाकीच्यांनाही उतरावं लागलं. बुंध्याभोवती पोरं पाढे म्हणत होती.

"शाळा कुठाय?" आमदारांनी विचारलं.

"हीच, साहेब," गुरुजी म्हणाले.

आमचे साहेब पुढे झाले. "बघून घ्या, साहेब. आसपास एकही झाड नाही." आणि हे ते अभिमानाने म्हणाले.

एका आमदारांनी फाइल डोक्यावर धरली. दुसरे सावली शोधत देवळाकडे बघू लागले. आण्णांनी पटक्याने बुंधा झटकला. "बसा की सायेब. परवापत्तोर हितं सावली हुती."

"कुणी तोडलं झाड?"

"तुमच्या उत्तरानं. पेपरात आलतं, झाडाखाली एकबी शाळा न्हाई. आमी म्हटलं, खोटं बोलत्यात. तर कुऱ्हाडीवालं आलं आनि खरं करून गेलं."

आमदार बुंध्यावर बसले. गुरुजींना म्हणाले, "चालू द्या." एकोणतीसचा पाढा पुरा होईपर्यंत ते उठले नाहीत, त्यामुळे बाकीच्यांनाही उन्हात उभं राहावं लागलं. आमच्या साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी वर्गातल्या मागच्या पोरासारखा गंभीर चेहरा करून उभा होतो.

पुढच्या अधिवेशनात बुंध्याची हकिगत सभागृहात सांगितली गेली. या वेळी बाकं दुसऱ्या बाजूची वाजली. मंत्र्यांनी अनुदान मंजूर केलं आणि साहेबांना बढती देऊन साताऱ्याला हलवलं. आमच्या खात्यात याला कारवाई म्हणतात.

नोकरीभर एक गोष्ट लक्षात ठेवली. सरकारचं उत्तर खोटं निघालं तर फार घाबरू नये. सरकार ते खरं करायला निघालं की घाबरावं.

गावाला दोन खोल्या मिळाल्या. चौकटी त्याच लिंबाच्या बसवल्या. खोड आण्णांनी राखून ठेवलं होतं.