बोरसे सरांच्या वाट्याचं वाक्य

रविवारचा वर्ग संपला की बोरसे सर आम्हाला हात पुढे करायला लावायचे. छडीसाठी नव्हे, प्रसाद घेताना करतो तसा. मग एकेकाच्या तळव्यावर दोन बोटं टेकवून एकेक इंग्रजी वाक्प्रचार म्हणायचे. "घे. आठवडाभर सांभाळ. खरी वेळ आली की वापर, आणि नाही आली तर तस्सा परत घेऊन ये." मी चांगली बी.कॉम. झालेली घोडी, पण हात पुढे करताना बालवाडीत असल्यासारखी गुपचूप उभी राहायचे.

सर मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. शाळेतली मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात पांगली, तरी सरांची शिकवायची खाज काही गेली नाही. सुरतेतच भेस्तान भागात आमच्या सोसायटीत गणपतीचं सामान आणि कॅरमबोर्ड ठेवायची एक खोली होती. तिथे मंडपाचे बांबू बाजूला सारून त्यांनी वर्ग सुरू केला. वर्गात मराठी बोलायचे, चिडले की गुजरातीत शिरायचे, आणि खूश झाले की थेट अहिराणी. त्यामुळे "बेस शे, माय!" ऐकलं की समजायचं, आज आपण जिंकलो.

मला इंग्रजी हवं होतं ते एका नोकरीसाठी. हिवाळ्यात परदेशातली गुजराती मंडळी लग्नाला येतात आणि आल्यासारखे दातही करून जातात. अशाच एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मुलगी हवी होती. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा हिवाळ्यात नोकरी लागली तर लागली. नाहीतर मार्केटात साड्यांच्या फोल्डिंगला लाग." मला फोल्डिंगची लाज नव्हती हो. पण जन्मभर दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्या घालत बसायचं नव्हतं.

सरांच्या वर्गात यायच्या आधी मी एक पुस्तक आणून वाक्प्रचार धडाधड पाठ केले होते आणि तेवढ्या जोरावर मुलाखतीला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्याबद्दल सांगा. मी बांध फुटल्यासारखी सुटले. काकडीसारखी थंड असल्याचं सांगितलं, भर उन्हात कुत्र्यामांजरांचा पाऊस पाडला. डॉक्टर सज्जन माणूस. हसू दाबत म्हणाले, "कळवतो." कळवलं नाहीच.

हे सगळं सरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "अगं, पंगतीतली सगळी पक्वान्नं एकाच वाटीत कालवलीस! कोण खाईल ते?" मग म्हणाले, "मीही पाठच केले होते. मार्क मिळाले, इंग्रजी नाही मिळालं." आणि माझ्या तळव्यावर बोटं टेकवली. "ओव्हर द मून. आनंदानं पाय जमिनीवर ठरेनासे झाले की म्हणायचं. त्याआधी नाही."

झालं! माझा आनंद काही येईना. इतरांचे वाक्प्रचार दर आठवड्याला बदलायचे. माझा आपला तोच. एकदा वैतागून मी पाणीपुरीवाल्याला "ओव्हर द मून" म्हणून टाकलं आणि रविवारी येऊन ऐटीत सांगितलं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाणीपुरीनं चंद्रापलीकडे गेलीस? मग नोकरी लागल्यावर कुठे जाणार, माय?" वाक्प्रचार पुन्हा माझ्याच हातावर.

वर्गात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करणारा कैलास होता. त्याच्या वाट्याला 'नो बिग डील', म्हणजे 'त्यात काय एवढं', आलं होतं. एका व्यापाऱ्याचं साड्यांचं पार्सल भिजून पोचलं, तो बोंबलत आला, तर हा पठ्ठ्या त्याला म्हणतो, "इट्स नो बिग डील!" व्यापारी गुजरातीत कडाडला, "तारे माटे नथी, मारे तो छे!" तुला नसेल, मला आहे! कैलास पडेल चेहऱ्यानं हे सांगत होता आणि आम्ही लोळत होतो. सर मात्र गंभीर झाले. "अर्थ बरोबर, वेळही बरोबर. पण ज्याचं नुकसान झालं त्यानंच मोठेपणानं म्हणायचं असतं ते. शब्द कोणाच्या तोंडी शोभतो ते बघायला शिका."

तेव्हा मी विचारलं, "सर, तुमच्या वाट्याचा कोणता?" सर बांबूंकडे बघत म्हणाले, "आहे एक. मास्तरकी सुरू केली तेव्हापासून सांभाळतोय. पण तो एकट्यानं म्हणता येत नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी बोलावं लागतं." पुढे किती छळलं तरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

दिवाळीनंतर त्याच दवाखान्यातून पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टरांनी मला ओळखलं, बहुतेक कुत्र्यामांजरांमुळेच. काही विचारलंच नाही. म्हणाले, "आमची मुलगी आज आली नाही. तासभर तिच्या खुर्चीवर बसा." मी बसले. लंडनहून आलेल्या एक बाई ताडताड आल्या. त्यांची वेळ टळून गेली होती आणि डॉक्टर आत दुसऱ्याच दातात अडकलेले. माझ्या डोक्यात पुस्तकातली सगळी फौज जागी झाली. मी त्या फौजेला दामटून बसवलं आणि साधं सरळ इंग्रजी बोलले. सॉरी, डॉक्टरांना उशीर झालाय, चूक आमची आहे, तुम्ही बसा, मी पाणी आणते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा सैलावला, आणि त्या म्हणाल्या, "नो बिग डील, डिअर."

अगदी ज्यानं म्हणायला हवं त्याच्याच तोंडून! मला कैलास आठवला, सर आठवले, आणि मी इतकी मनापासून हसले की बाईही हसल्या. मग आम्ही त्यांच्या भाचीच्या लग्नावर गप्पा मारत बसलो, इंग्रजीत, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. दारात डॉक्टर उभे होते. "उद्यापासून या," ते म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल, मी तिथेच ते वाक्य ठोकलं असेल. छे! कसंबसं "थँक यू" म्हटलं आणि रिक्षा पकडली. रविवार होता, वर्ग चालू असणार. सोसायटीत उतरले ती पळतच सुटले. ओढणी एकीकडे, चप्पल एकीकडे. खोलीच्या दारात पोचले, सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, आणि कुठलीही आठवण न काढता, आपलं आपणच ते तोंडातून निघालं.

"सर! आय ॲम ओव्हर द मून!"

खडू थांबला. सर वळले. माझ्याकडे पाहिलं, अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वतःचा तळवा उघडून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"दॅट मेक्स टू ऑफ अस!"

म्हणजे, तू एकटी नाहीस पोरी, मीही तेवढाच आनंदात, आता आपण दोघं. वर्गात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कैलासनं तर कॅरमबोर्डच बडवला. सर मात्र खुर्चीत बसून डोळे पुसत हसत होते. "किती दिन वाट देखी, माय," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. "चल, आता मला नवा दे."